सिएटलचा ऑक्टोबर

सिएटलच्या बेसबॉल मैदानाला अगदी खेटून रेल्वेचे रूळ जातात. सामना ऐन रंगात आलेला असतो, सत्तेचाळीस हजार माणसं श्वास रोखून बसलेली असतात, आणि मालगाडीचा ड्रायव्हर लांबच लांब भोंगा वाजवत आपल्या वाटेने निघून जातो. त्याला त्याच्या डब्यांची काळजी. माझं बालपण इंदूरच्या लोकमान्य नगरात गेलं, मीटरगेजच्या गाडीच्या शिट्टीवर घड्याळ लावत. त्यामुळे पहिल्यांदा या मैदानात बसलो तेव्हा खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भोंगा ऐकून थोडं घरच्यासारखं वाटलं होतं.

नोकरीनिमित्त मी २०१९ मध्ये इथे आलो. बीकन हिल नावाच्या टेकडीवर एका घराचं तळघर भाड्याने मिळालं. वरच्या मजल्यावर घरमालक एकटेच राहतात. चाळीस वर्षं बोईंगच्या कारखान्यात विमानं जोडून निवृत्त झालेले. आमच्या घरात त्यांचं नाव ‘वरचे आजोबा’. पहिल्या दिवशी त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या: कचरा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, हीटर कसा चालवायचा, आणि ऑक्टोबर महिन्यात आपल्याशी बेसबॉलवर बोलायचं नाही.

मला वाटलं, काही धार्मिक कारण असावं.

तसं ते होतंही म्हणा. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलचा मोसम मार्चअखेर सुरू होतो आणि सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. हो, एकशे बासष्ट. जवळपास रोज एक. त्यातून निवडक संघ ऑक्टोबरच्या बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये जातात, आणि शेवटचे दोन ‘वर्ल्ड सिरीज’ खेळतात. सिएटलचा संघ मरिनर्स. १९७७ पासून खेळतोय. आज तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीज कधीच न खेळलेला असा एकच संघ आहे, आणि तो हाच. जिंकण्याची गोष्ट सोडाच, तिथवर पोचलेलाच नाही.

मैदानात जायचं तर बीकन हिलच्या स्टेशनात आधी टेकडीच्या पोटात उतरावं लागतं. लिफ्टनेच. दोन स्टेशनं गेलं की मैदान. बाहेर पडलं की भाजलेल्या शेंगांचा वास येतो. फुटपाथवरचे विक्रेते पिशव्या नाचवत ओरडत असतात की आत महाग मिळतील, इथेच घ्या. खाण्याचे पदार्थ आत नेऊ देतात, हे कळल्यापासून मी इंदूरहून आलेली लौंग सेव नेऊ लागलो. मैदानाच्या आत लसूण घातलेले बटाट्याचे तळलेले काप प्रसिद्ध आहेत, आणि मेक्सिकोतल्या पद्धतीने तिखट-लिंबू लावून भाजलेले नाकतोडेसुद्धा विकायला असतात. मी त्यांना दुरूनच नमस्कार केला. वरच्या मजल्यावरच्या खुर्च्यांमधून एकीकडे गावातल्या उंच इमारती दिसतात, दुसरीकडे समुद्राची खाडी, आणि आकाश मोकळं असेल त्या दिवशी रेनिअर पर्वत. छप्पर सरकतं आहे. पाऊस आला की चाकांवर गडगडत येतं आणि मैदान झाकतं. इंजिनिअर माणसाने सामना सोडून तेवढंच बघत बसावं.

हे मैदान उभं कसं राहिलं, तेही आजोबांकडूनच कळलं. त्याआधी संघ ‘किंगडोम’ नावाच्या काँक्रीटच्या करड्या घुमटात खेळायचा. पहिली चौदा वर्षं एकाही मोसमात विजयांची संख्या पराजयांच्या वर गेली नाही. १९९५ पर्यंत संघ गाव सोडून जाणार अशी बोलवा होती. नव्या मैदानासाठी कर लावायचा की नाही यावर मतदान झालं आणि लोकांनी थोडक्या मतांनी नाही म्हटलं. त्याच मोसमात ऑगस्टमध्ये तेरा सामन्यांनी मागे पडलेला संघ उठला, पहिल्यांदाच प्लेऑफमध्ये गेला आणि न्यूयॉर्क यांकीजसमोर उभा राहिला. पाचव्या, निर्णायक सामन्यात अकराव्या इनिंगमध्ये एडगर मार्टिनेझने डावीकडे चेंडू मारला आणि पहिल्या बेसवरून केन ग्रिफी धावत सुटला तो थेट घरी पोचला. पुढच्या फेरीत क्लीव्हलंडने हरवलं, पण त्याचं कुणाला फारसं दुःख नव्हतं. त्याच महिन्यात विधिमंडळाने मैदानासाठी पैशांची सोय केली. आज मैदानाबाहेरच्या एका रस्त्याला मार्टिनेझचं नाव आहे आणि दारात पुतळाही आहे. एका फटक्याने मैदान बांधलं गेलं, असं आजोबा म्हणतात. मला ते थोडं वाढवून सांगितल्यासारखं वाटायचं. तारखा पाहिल्यावर वाटेनासं झालं.

पुढे रँडी जॉन्सन गेला, ग्रिफी गेला, अॅलेक्स रॉड्रिग्ज गेला. तिघं दिग्गज गेल्यावर, २००१ साली, या संघाने काय करावं? १६२ पैकी ११६ सामने जिंकले. १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी. जपानहून आलेला इचिरो त्याच वर्षी पहिल्यांदा इथे खेळला. एवढं सगळं झालं आणि ऑक्टोबरमध्ये यांकीजनी चार-एक असं हरवून घरी पाठवलं. त्यानंतर वीस मोसम हा संघ प्लेऑफचं तोंडही पाहू शकला नाही. मी आलो तेव्हा हा दुष्काळ अठराव्या वर्षात होता. आजोबांची ऑक्टोबरबद्दलची अट आता तुम्हाला कळली असेल.

तर ३० सप्टेंबर २०२२ ची रात्र. ओकलंडविरुद्ध बरोबरी, नवव्या इनिंगमध्ये दोन आउट, आणि कॅल रॅली नावाचा दणकट कॅचर बदली फलंदाज म्हणून आला. (त्याचं टोपणनाव कौटुंबिक मासिकात लिहिण्यासारखं नाही. त्याच्या शरीराच्या मागच्या भागावरून ठेवलेलं आहे, एवढं पुरे.) त्याने होमरन मारला आणि वीस वर्षांचा वनवास संपला. डोक्यावर धाडधाड आवाज आले. मला वाटलं भूकंप. बाहेर येऊन बघतो तर आजोबा पायजम्यावर, अनवाणी, रस्त्याच्या मधोमध उभे. समोरच्या घरातल्या बाई पातेलं आणि डाव घेऊन बाहेर आलेल्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, नुसता आवाज चालला होता.

पहिल्या फेरीत टोरांटोला त्यांच्याच गावात हरवलं. आठ-एक असे मागे असताना दहा-नऊ. पुढची फेरी ह्यूस्टनशी. तिथला पहिला सामना शेवटच्या आउटवर हातातोंडाशी येऊन गेला, दुसराही गेला. तिसरा सिएटलमध्ये, १५ ऑक्टोबर, शनिवार. एकवीस वर्षांनी गावात प्लेऑफचा सामना, आणि हरलं की खेळ खलास.

आजोबांकडे दोन तिकिटं होती. दुसरं मुलासाठी. मुलगा नोकरीच्या निमित्ताने बऱ्याच वर्षांपूर्वी ह्यूस्टनला गेला, तिथेच स्थायिक झाला. तो विमानाने येणार होता. आदल्या दिवशी वर मोठमोठ्याने फोन चालला होता आणि मग आजोबा जिना उतरून आले. “उद्या मोकळा आहेस का?” मी विचारलं, मुलाचं काय झालं. “त्याने विचारलं, नातू ह्यूस्टनची टोपी घालून आला तर चालेल का. मी सांगितलं, मग दोघंही तिकडेच राहा.”

दुपारी एकच्या सुमारास सामना सुरू झाला. त्या ऑक्टोबरात पहाडांतल्या वणव्यांचा धूर गावावर आला होता, ऊन पिवळट दिसत होतं आणि सिएटलच्या मानाने उकडत होतं. सगळा गाव निळ्या कपड्यांत. माझ्या मागे एक आजी होत्या, त्या २००१ चं जॅकेट घालून आलेल्या. ते त्यांना आता घट्ट होत होतं, पण चेन लावलेलीच होती.

बेसबॉलमध्ये नऊ इनिंग असतात. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांना तीन-तीन आउट. बरोबरी नावाचा प्रकार नाही, निकाल लागेपर्यंत खेळायचं. आमच्या जॉर्ज कर्बीने सात इनिंग एकही धाव दिली नाही. त्यांच्या पिचरनेही दिली नाही. सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे उभे राहून हातपाय ताणतात आणि एक जुनं गाणं म्हणतात, ते म्हणून झालं. नऊ इनिंग झाल्या, शून्य-शून्य. मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर इनिंगच्या मध्ये रंगीत बोटींची शर्यत दाखवतात, लोक त्या खोट्या बोटींसाठीसुद्धा घसा फोडून ओरडतात. दहावी, अकरावी, बारावी. शून्य-शून्य.

तेराव्या इनिंगच्या आसपास लोकांनी पायातले बूट काढून डोक्यावर ठेवायला सुरुवात केली. टोरांटोच्या त्या सामन्यापासून हा नवा शकुन निघाला होता. पायातलं पायातच ठेवावं अशा घरात वाढलेला मी. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आमच्यात हे चालत नाही. ते म्हणाले, “तुमच्यात एकवीस वर्षं हरतात का?”

मी बूट काढला. मग बूट डोक्यावर धरून मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. वेळ भरपूर होता.

१९९९ च्या एप्रिलमध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना बंगळुरूला झाला, मध्य प्रदेश विरुद्ध कर्नाटक. आपला कर्णधार चंद्रकांत पंडित. पहिल्या डावात पंचाहत्तर धावांची आघाडी, म्हणजे सामना अनिर्णित राहिला तरी करंडक आपला. शेवटच्या दिवशी नुसतं उभं राहायचं होतं. दीडशे धावांत सगळे बाद. बाबा तेव्हा चाळिशीचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘नईदुनिया’ उघडला नाही, घडीसकट रद्दीत टाकला, आणि मी तो रद्दीतून काढून वाचला म्हणून माझ्यावर डाफरले. त्यानंतर तेवीस वर्षांनी, २६ जून २०२२ ला, त्याच मैदानावर मध्य प्रदेश पहिल्यांदा जिंकला. प्रशिक्षक तेच पंडित. ते मैदानात रडले, इकडे बाबा रडले, आईने मला व्हिडिओ कॉल लावून दाखवले.

“तेवीस,” आजोबा म्हणाले. “म्हणजे आम्हाला अजून दोन आहेत. आणि समोर कोण होतं?”

“मुंबई.”

ते थांबले. मी मराठी बोलतो आणि ती मुंबईच्या बाजूची भाषा, एवढं त्यांना माहीत होतं. “मग तुझ्या वडिलांनी नक्की कुणाच्या बाजूने असायला हवं होतं?”

हा प्रश्न मला सिएटलच्या माणसाने विचारला म्हणून हसू आलं. इंदूरच्या मराठी घरात तो कधी ना कधी विचारला जातोच. दूरच्या नात्यातले पुण्या-मुंबईचे लोक आले की हटकून. आमचे आजोबा होळकरांच्या संघाचे. सी. के. नायडू, मुश्ताक अली ही नावं ते घरातल्या माणसांसारखी घ्यायचे. १९४५ साली अंतिम सामन्यात डेनिस कॉम्प्टनने होळकरांकडून नाबाद २४९ केल्या, तरी मुंबईने हरवलं, हे दुःख त्यांनी आम्हा नातवंडांना वारशात दिलं. बाबांनी त्यात १९९९ ची भर घातली. २०२२ च्या त्या सामन्याआधी मुंबईच्या आत्याने फोनवर बाबांना चिडवलं, “दादा, अरे आपली माणसं खेळताहेत ना?” बाबा म्हणाले, “हो ना. आपली इंदूरची.”

आजोबांना हे सगळं किती कळलं कोण जाणे. बराच वेळ ते मैदानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “माझा नातू म्हणतो ‘आम्ही’ जिंकलो. म्हणजे ह्यूस्टन.” आणि लौंग सेवची पिशवी माझ्या हातातून घेतली.

चौदावी इनिंग. सगळे परत उभे राहिले, तेच गाणं परत म्हणाले. पंधरावी. आदल्याच आठवड्यात क्लीव्हलंड आणि टॅम्पा बे यांचा सामना पंधराव्या इनिंगपर्यंत शून्य-शून्य होता, तो प्लेऑफमधला विक्रम होता, तो मोडला. उजेड गेला, दिवे लागले, मालगाड्या गेल्या, माझ्या मागच्या आजींनी जॅकेटची चेन उघडली. साध्या मोसमात असं लांबलं तर नियमच आहे की दुसऱ्या बेसवर आयता एक धावपटू उभा करायचा, म्हणजे लवकर निकाल लागतो. प्लेऑफमध्ये ती दया नाही. अठराव्या इनिंगच्या सुरुवातीला ह्यूस्टनच्या जेरेमी पेन्याने होमरन मारला. एक-शून्य. आपल्या तिघांचे तीन आउट व्हायला फार वेळ लागला नाही. सहा तास बावीस मिनिटं.

मी मैदानातून बाहेर पडणाऱ्या गर्दीला इतकं शांत कधीच पाहिलं नव्हतं. शिव्या नाहीत, भांडण नाही. बूट पायात घालून लोक जिने उतरत होते. शेंगांवाला उरलेल्या पिशव्या फुकट वाटत होता. स्टेशनात आजोबा म्हणाले, “एकवीस वर्षं वाट बघितली. एक धाव बघायला मिळायला हरकत नव्हती.” त्या दिवशी खरंच आमच्या संघाने घरच्या लोकांना एकही धाव दाखवली नाही. हा हिशेब मला तोवर लक्षात आला नव्हता.

घरी येऊन फोन लावला. इंदूरला रविवारची सकाळ, मागे पोह्यांची फोडणी ऐकू येत होती. बाबांनी विचारलं, कोण जिंकलं? मी म्हटलं, “ते हरले. सिएटलवाले.” आणि फोन ठेवल्यावर वाटलं, बूट डोक्यावर घेऊन सहा तास बसलो आणि ‘ते’ म्हणालो.

पुढची दोन वर्षं थोडक्यात सांगतो, कारण ती होतीच तशी. २०२३ मध्ये एका सामन्याने प्लेऑफ हुकला. २०२४ मध्ये परत एकाच सामन्याने. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संघाचे मुख्य कारभारी जेरी डिपोटो यांनी पत्रकारांना समजावलं की दहा वर्षांत सरासरी ५४ टक्के सामने जिंकत राहिलं की वर्ल्ड सिरीज आपोआप पदरात पडते. आकडेमोड म्हणून त्यात फार चूक नाही. मी स्वतः दिवसभर असल्याच सरासऱ्या काढतो आणि मीटिंगमध्ये लोकांना पटवतो. पण १९७७ पासून वाट बघणाऱ्या माणसाला टक्केवारी सांगायची नसते. गावात ‘५४ टक्के’ ही शिवी झाली. बीकन हिलच्या आमच्या दुकानात एकाने मोसंबीच्या ढिगाकडे बघून विचारलं, यातली ५४ टक्के तरी गोड आहेत का. आजोबांनी त्या हिवाळ्यात सांगून टाकलं की आता बस, रेडिओसुद्धा लावणार नाही. मार्चअखेर पहिल्या सामन्याला रेडिओ लावलेला मला खाली स्पष्ट ऐकू आला. मी काही बोललो नाही.

या चिडण्याला दुसरी बाजू आहे, ती बाहेरच्या माणसाला पटकन दिसत नाही. सिएटलचा बास्केटबॉलचा संघ, सुपरसॉनिक्स, २००८ साली गाव सोडून ओक्लाहोमाला गेला. त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, बेसबॉलचा एक संघ इथे एकच वर्ष खेळला आणि मिलवॉकीला निघून गेला. त्यामुळे संघावर कितीही तोंडसुख घेतलं तरी ‘जा एकदाचे’ असं इथे कुणी म्हणत नाही.

मग आलं २०२५. कॅल रॅलीने साठ होमरन मारले. ग्रिफीचा छप्पन्नचा संघातला विक्रम गेला. सप्टेंबरमध्ये संघ रखडला तेव्हा एका चाहत्याने चक्क ऑनलाइन दुकानातून एका चेटकिणीकडून मंतर विकत घेतला. त्यानंतर संघ जिंकतच सुटला. आमच्या मंडळाच्या गणपतीत ज्यांनी मला ‘अमेरिकेत असले प्रकार नसतात’ म्हणून सांगितलं होतं, त्यांना मी ही बातमी पाठवली. २००१ नंतर पहिल्यांदा गट जिंकला. डेट्रॉइटविरुद्धचा निर्णायक सामना पंधरा इनिंग चालला आणि या वेळी तो सिएटलने जिंकला. पुढे टोरांटो. सातपैकी चार जिंकले की वर्ल्ड सिरीज. पहिले दोन टोरांटोत जाऊन जिंकले. पुढचे दोन घरी हरले. पाचव्यात, १७ ऑक्टोबरला, आठव्या इनिंगमध्ये युहेनियो सुआरेझने तिन्ही बेस भरलेले असताना होमरन मारला. आता दोनपैकी एक हवा होता.

त्या सामन्यातली एक गोष्ट मात्र सांगायला हवी. टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरच्या गुडघ्यावर चेंडू जोरात लागला आणि तो लंगडत बाहेर गेला, तेव्हा मैदानात काही लोकांनी त्याची हुर्यो केली. हा स्प्रिंगर पूर्वी ह्यूस्टनचा, इथे त्याच्यावर जुना राग आहे. आजोबांचाही आहे. पण त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. “वर्षानुवर्षं हरून हेच शिकलो का आपण?” म्हणाले. मुका टीव्ही आम्ही पुढे बराच वेळ बघितला.

सहावा सामना गेला. सातवा २० ऑक्टोबरला. त्या दिवशी इथे लक्ष्मीपूजन.

संध्याकाळी पाचला सामना सुरू, सव्वासहाच्या सुमारास सूर्यास्त. बायकोने निक्षून सांगितलं होतं की पूजा वेळेवर होईल. आजोबा आठवडाभर तीच पँट घालत होते, धुवायची नाही म्हणून, आणि ती घालूनच ते आमच्याकडे पूजेला खाली आले. पायऱ्यांवर पणत्या, दारात रांगोळी. तीन वर्षांची आमची लेक रांगोळीत मरिनर्सचं होकायंत्र काढायचं म्हणून हटून बसलेली. तिच्या आईने अष्टदळ कमळ काढलं आणि तिला सांगितलं, हेच ते. लक्ष्मीच्या फोटोशेजारी टीव्ही. देवीसमोर हात जोडताना प्रत्येकाने काय मागितलं हे विचारायची गरज नव्हती. टाळ्या आरतीच्या आणि टाळ्या हुलिओ रॉड्रिगेझच्या होमरनच्या, एकात एक मिसळल्या. पाचव्या इनिंगमध्ये रॅलीचा होमरन. तीन-एक.

सातव्या इनिंगमध्ये टोरांटोचा एक आउट झाला होता. म्हणजे आठ आउट बाकी. आठ आउट, आणि अठ्ठेचाळीस वर्षांची वाट संपणार. दोन बेसवर त्यांचे दोघे. फलंदाजीला स्प्रिंगर. गुडघा बरा झाला होता.

चेंडू डावीकडे उंच गेला. आजोबा उठले नाहीत, ओरडले नाहीत. तो पडायच्या आत त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात ठेवला. चार-तीन. शेवटही चार-तीन.

बायकोने चकल्यांची थाळी त्यांच्यासमोर सरकवली. त्यांनी एक खाल्ली, दुसरी घेतली. वर त्यांचा फोन वाजत होता, छतातून ऐकू येत होता. ह्यूस्टनहून असणार. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ते उठले. दारात थांबून पणत्यांकडे बघत विचारलं, या विझवायच्या का? बायको म्हणाली, नाही, त्या आपोआप विझू द्यायच्या. ते पाय जपत, एकेक पणती वाचवत पायऱ्या चढून गेले. थोड्या वेळाने वरून त्यांचा आवाज आला. भांडणाचा नव्हता. लांबलचक काहीतरी सांगत होते, मध्ये थांबत होते, पलीकडून कुणीतरी बोलत असावं.

मी बाबांना फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती. दिवाळीच्या शुभेच्छा वगैरे आईशी झाल्या, मग बाबांनी फोन घेतला. हल्ली ते सकाळी उठून मोबाईलवर सिएटलचा स्कोअर बघतात, पण त्या दिवशी फराळाच्या गडबडीत राहिलं होतं.

“काय झालं रे?”

“हरलो, बाबा.”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “किती राहिले होते?”

“आठ आउट.”

“आठ,” बाबा म्हणाले. “आठ म्हणजे काहीच नाही रे. नुसतं उभं राहायचं होतं.” आणि त्यांनी मला १९९९ चा शेवटचा दिवस पहिल्यापासून सांगायला घेतला. कोण कसा बाद झाला, कुठला फटका मारायला नको होता. मी तो किती वेळा ऐकलाय याचा हिशेब नाही. त्या रात्री शेवटच्या विकेटपर्यंत ऐकला.